आफ्टरमार्केट सायलेन्सर: आवाज भरपूर, मायलेज अन् पावर जिथल्या तिथंच

सेकंडहँड रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेतली, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) वाली, तिला आधीच्या मालकानं बाहेरचा स्लिप-ऑन सायलेन्सर (पाइप तोच ठेवून नुसती मागची डबी बदलायची तो) लावलेला होता आणि कंपनीचा ओरिजिनल पोत्यात गुंडाळून सोबत दिला, म्हणजे दोन्ही लावून पाहायची आयतीच सोय झाली. ज्या दुकानातून बसवला त्याचं नाव नाही लिहित, कारण हा डायलॉग नागपुरात कोणत्याही काउंटरवर ऐकायला मिळते, "भाऊ, लावून तं पाहा, पिकअप बी वाढते अन् अ‍ॅव्हरेज बी."

अ‍ॅव्हरेजचं आधी सांगतो. टाकी फुल टू फुल, पंप तोच, टायरची हवा तेवढीच, एकटाच बसून कामठी-मनसरवरून रामटेक अन् वापस, स्पीड साठ-सत्तरच्या मधात. दोन्ही सायलेन्सरवर पस्तीसच्या आसपासच निघालं, अन् जो थोडासा फरक दिसला तेवढा तर समोरून वारा असला तरी पडते. सिटीत मात्र बाहेरच्यावर उलट कमीच झालं, पण त्यात सायलेन्सरपेक्षा माझ्या उजव्या हाताचा वाटा जास्त, व्हरायटी चौकाचा सिग्नल सुटला की तो आवाज ऐकायलाच मनगट आपोआप फिरते ना बाप्पा.

यात जादू काहीच नाही. बीएस-६ गाडीत बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपवर, ओटू (ऑक्सिजन) सेन्सर असतो, तो ईसीयूला, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो की धुरात ऑक्सिजन किती उरला, आणि साध्या क्रूझिंगला ईसीयू त्या हिशोबानं एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा असंच मिश्रण धरून ठेवते. मागची डबी बदलली म्हणून पेट्रोल वाचायचं कारणच नाही.

पावरचं पण तसंच. हे इंजिन ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी देते अन् टॉर्क २७ न्यूटन मीटर, तोही ४००० लाच. एअर फिल्टरचा डबा तोच, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम तोच, बेंड पाइप तोच, मग नुसतं शेपूट मोकळं करून इंजिन जास्त हवा ओढेल कुठून? जास्त आरपीएमवर फिरणाऱ्या स्पोर्ट्स बाईकवर फुल सिस्टिम, फिल्टर आणि ईसीयूचा रिमॅप (त्याची सेटिंग बदलणं) हे तिन्ही सोबत केलं तर काही बीएचपी निघतात, ते खरं आहे, पण ते काम वेगळं अन् खर्चही वेगळा. काही लोक म्हणतात इंजिनला बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराला पाइपात अडथळा, पाहिजेच, तेही अर्धवट आहे. पाहिजे असतो तो गॅसचा वेग, आधीचा धूर जोरात बाहेर गेला तर मागचा ओढून नेतो, म्हणून गरजेपेक्षा जाडा पाइप लावला की वेग मरतो अन् खालच्या आरपीएमचा दम जातो. क्लासिक चालवायची मजाच त्या खालच्या दमात आहे.

आता फिटिंग. थ्रॉटल सोडला की मागून फट-फट आवाज येऊन राहिला होता, दोस्त लोक म्हणे काय भारी पॉप मारते बे. जॉइंटच्या क्लॅम्पजवळ वाकून पाहिलं तर काजळीची काळी रिंग. थंड्या गाडीवर साबणाचं पाणी मारून स्टार्ट केली तर तिथून बुडबुडे, म्हणजे जॉइंट सील करणारं गॅस्केट नीट बसलंच नव्हतं. असं लीक सेन्सरच्या जवळ असलं तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते, अन् ईसीयू पेट्रोल वाढवते. अ‍ॅव्हरेज वाढवायला गेलेल्याचं असं कमी होते. नवीन गॅस्केट टाकल्यावर फट-फट बरीच शांत झाली.

चांगलं काय? वजन. दोन्ही हातात धरून पाहिले तर ओरिजिनल खूपच जड आहे. वेल्डिंगही साफ आहे. आतली आवाज दाबणारी ग्लासवूल (काचेचा कापूस) मात्र जळत-उडत जाते, मग आवाज फाटतो अन् परत भरावी लागते.

दुकानदार म्हणते पीयूसी निघते, टेन्शन नाही. अरे, पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर तपासतात, आवाज नाही. १७५ सीसीच्या वरच्या टू-व्हीलरला ८० डेसिबलची मर्यादा आहे अन् मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्याच वेळी दहा हजारापर्यंत दंड, वरून लायसन्स तीन महिने जाऊ शकते. तेवढ्यात किती पेट्रोल येते ते तुम्हीच जोडा.

आवाजासाठी पाचपैकी साडेतीन, मायलेज अन् पावरसाठी शून्य. मी ओरिजिनल चढवून टाकला. तुम्हाला तरी घ्यायचाच असेल तर दुकानदाराला एवढंच म्हणा, याच मॉडेलची लावायच्या आधीची अन् नंतरची डायनो शीट (मशीनवर पावर मोजल्याचा कागद) दाखव. मी मागितली तर म्हणे, "भाऊ, आवाज ऐका ना!"