सोळाशेची चकती, बावीस हजारांचा फटका

आजीचे चार सागवानी पाट आहेत. वर्षानुवर्षं व्हार्निश चढून काळे पडलेले. ते हाताने घासता घासता खांदा भरून आला, तेव्हा डोक्यात आलं की घरी चार इंची ग्राइंडर (लोखंड कापायचं-घासायचं हातातलं यंत्र) आहेच, त्यालाच सँडिंगची, म्हणजे लाकूड घासायची, जोडणी बसवू. दोन-तीन ठिकाणी शोधलं आणि मग मोबाइलवर तीच एक जाहिरात मागे लागली. लोखंडी दांडा, त्यावर फिरणारा पट्टा, खाली फळी लोण्यासारखी होतेय. किंमत १,६४९. कॅश ऑन डिलिव्हरी आहे, म्हणजे आपलं काय जातंय, असं वाटलं. पण कुरिअरवाला पैसे हातात पडल्याशिवाय खोक्याला हात लावू देत नाही, हे ध्यानातच आलं नाही.

आत निघाली रबरी चकती, वर वेल्क्रो. सोबत ड्रिलला लावायची दांडी आणि दहा सँडपेपर. पट्टा नाही, दांडा नाही. हीच चकती पुढे मला पुण्यातल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, २२० रुपयांना दाखवली.

आता आलीच आहे तर वापरू, म्हणून ग्राइंडरला लावली. हा शहाणपणा कुणी करू नका. ड्रिल मिनिटाला साधारण तीन हजार फेरे घेतो, चार इंची ग्राइंडर अकरा हजारांच्या घरात. चांगल्या चकतीवर ती किती फेऱ्यांपर्यंत चालवायची तो आकडा छापलेला असतो. माझ्या चकतीची पाठ कोरी होती. दहा सेकंदांत जळक्या डिंकाचा वास आला आणि ८० नंबरचा पेपर सुटून कानाजवळून गेला तो थेट पत्र्यावर. चष्मा होता म्हणून बरं. पाटावर मात्र अर्धचंद्राची खोल खाच पडली, ती अजून आहे.

संतापलो. आणि खरा घात त्या संतापानेच केला. बिलावर फोन नंबर नव्हता, म्हणून कंपनीचं नाव टाकून नेटवर 'कस्टमर केअर' शोधलं. पहिलाच नंबर लावला. माणूस इतका गोड बोलला की मीच ओशाळलो. "सर, रिफंड आत्ताच टाकतो, फक्त एक अ‍ॅप घ्या, म्हणजे फॉर्म भरायला मला मदत करता येईल." अ‍ॅप स्क्रीन दाखवणारं होतं. मग म्हणाला, पडताळणीसाठी दहा रुपये पाठवा. पाठवले. मी पिन दाबत होतो आणि तो तिकडे बघत होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच आईला दहादा सांगितलं होतं! पाच मिनिटांत दोन हप्त्यांत २२,००० गेले. तरीही तो म्हणत होता, "फोन ठेवू नका सर, प्रोसेस चालू आहे."

बायकोने माझ्या हातातून फोन ओढून बंद केला. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, मग बँकेला. १९३० वर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात, ती समोर ठेवूनच फोन करा. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रारही नोंदवली. अर्ध्या-पाऊण तासात हे झालं म्हणून पुढच्या खात्यात ९,००० रोखले गेले. बाकीचे तोवर काढून झाले होते. रोखलेलेही अजून हातात आलेले नाहीत, कागदपत्रांचे हेलपाटे चालू आहेत.

बोहरी आळीतल्या दुकानदाराने आधी विचारलं, "ग्राइंडर आणलाय का?" पिशवीतून काढून दिला. त्याने आटे फिरवून बघितले आणि मान हलवली. "पाट घासायचेत ना? मग हे नकोच, लाकूड खाईल. साधा ऑर्बिटल सँडर, लाकूड घासायचं मशीन, घ्या, नाहीतर हाताने घासा."

दोन पाट हाताने झालेत. खाच पडलेला शेवटी घेणार आहे.