बडोद्यातल्या ए.ए. मीटिंग: फुकट आहेत म्हणून हलक्यात घेऊ नका

"गुजरातमध्ये दारूबंदी, मग दारू सोडायला मीटिंग कशाला?" असं विचारणारे बडोद्यात अजून भेटतात. राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे 1960 पासून बंदी आहे आणि पिणारेही आहेत. इथे पिणं लपवावं लागतं, म्हणून सोडायची मदतही लोक लपूनछपूनच शोधतात. त्यामुळे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना, इथे फार सोयीची पडते. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, फी नाही, आडनावही कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. शेवटी पिशवी फिरते, सभासद जमेल तेवढे पैसे टाकतात आणि त्यातून खोलीचं भाडं नि चहा निघतो. नव्या माणसाने टाकायची गरज नाही. बाहेरच्यांची देणगी हे लोक घेतच नाहीत.

शोधायचं कसं? ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवर गावानुसार माहिती आणि हेल्पलाइन मिळते. पण नुसती यादी बघून रिक्षात बसू नका. मीटिंगच्या खोल्या बहुधा मागून घेतलेल्या असतात. परीक्षा आल्या, दिवाळीची सुट्टी लागली की जागा किंवा वेळ बदलते आणि यादी मागे राहते. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: आज नक्की आहे का, ओपन की क्लोज्ड, आणि भाषा कोणती. फोन घेणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला, दिवसा नोकरीधंद्यात अडकलेला माणूस असतो. उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा लावा. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. बायको किंवा भाऊ सोबत येणार असेल तर ओपनच गाठावी.

आमचं एक मत, पटलं तर घ्या: दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी माणसाने पहिली मीटिंग घराजवळची निवडू नये, स्टेशनपलीकडची बघावी. समोरच्या खुर्चीवर मामांचे शेजारी बसले असतील तर तोंडातून शब्द फुटत नाही.

मीटिंग तास-दीड तास चालते. आधी वाचन, मग शेअरिंग. एकेक जण चार-पाच मिनिटं बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पाळी पुढे सरकते. भाषा गुजराती-हिंदीची खिचडी असली तरी बडोदेकराचं काही अडत नाही. माल कोण पोचवतो, कुठून येतो, ती नावं मात्र घेऊ नका. इथली गुप्तता सभासदांनी पाळलेली परंपरा आहे, कायद्याचं कवच नव्हे.

खरा फायदा मीटिंग सुटल्यावर चहाच्या कपाशी होतो. तिथे दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि त्याच रात्री एकाला साधा फोन करा. आधी ओळख झालेली असेल तरच तलफ आल्यावर बोट त्या नंबरवर जातं. स्पॉन्सर, म्हणजे ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातून नेणारा जुना सभासद, पहिल्याच दिवशी ठरवू नका. पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई, असा रिवाज आहे. 90 दिवसांत 90 मीटिंग हा ए.ए.तला जुना सल्ला. गावात रोज जमलं नाही तर मधले दिवस ऑनलाइन मीटिंगने भरा. एका ग्रुपवरून सगळ्यांवर शिक्का मारू नका, प्रत्येकाचा रंग वेगळा.

आता उणं काय ते. प्रार्थना आणि "उच्च शक्ती" काहींच्या घशाखाली उतरत नाही, ते ठीक. त्याहून गंभीर म्हणजे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करून थेट मीटिंगला येऊ नये. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 12 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 72 तासांच्या सुमारास भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, त्यात जीवही जातो. हे काम डॉक्टरांचं. सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग किंवा कारेलीबागेतलं मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आधी, मीटिंग नंतर. कुठे जावं कळत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

एखादा जुना सभासद "गोळ्या म्हणजे पण नशाच" असं ठोकून देतो. त्याचं ऐकून औषध बंद करू नका. सभासदाने डॉक्टरकी करू नये, हे ए.ए.च्याच साहित्यात लिहिलेलं आहे. आणि घरच्यांनो, दारू सोडवायला डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी चहात गुपचूप घालू नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि विश्वास जातो तो वेगळाच. तुमच्यासाठी अल-ॲनॉन ही निराळी संघटना आहे.

वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण लांब राहण्यात ए.ए. आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर उपचारांइतके किंवा जास्त उपयोगी ठरले. मात्र मीटिंगला यायचं सोडलं की उपयोगही ओसरू शकतो, आणि बडोद्यात ते बहुतेकदा दारूबंदी नसलेल्या दमणच्या सहलीत किंवा मुंबई-पुण्याच्या लग्नात घडतं. तिकीट काढतानाच तिकडच्या मीटिंगची वेळ आणि एक नंबर लिहून ठेवा. मुंबई-पुण्यात मराठी मीटिंगही मिळतात.