लांबून रिसर्च करायचाय, तोही तीन महिने: डायरी, लॉग की यूएक्स कर्व्ह?

प्रॉडक्ट लोकांच्या हातात देऊन झालंय, आता ते पुढे वापरतात की कंटाळून सोडतात हे बघायचंय, पण दर आठवड्याला गावोगाव फिरायला ना माणसं आहेत ना बजेट, अशा अवस्थेत जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. वापरणाऱ्याचा अनुभव, म्हणजे यूएक्स (युजर एक्स्पीरियन्स), दुरून समजून घ्यायच्या बहुतेक पद्धती मी स्वतः वापरल्यात आणि माझं मत ठाम आहे, त्यामुळे ते मधेमधे येणारच.

उदाहरण घेते दूध संकलनाच्या ॲपचं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालतो, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन पदार्थ) बघतात, स्लिप निघते, दहा दिवसांनी बिल येतं आणि त्यातून पशुखाद्याची, ॲडव्हान्सची कपात होते. हे सगळं मोबाईलवर दिसावं, एवढंच ॲपचं काम. आम्ही दोघीजणी पुण्यात आणि वापरणारे सगळे सांगली-कोल्हापूरकडे.

पद्धतीच्या आधी एक बघा, तुमच्या प्रॉडक्टचं चक्र किती दिवसांचं आहे. आमचं दहा दिवसांचं. म्हणजे दोन आठवड्यांचा अभ्यास केला असता तर एकच बिल बघायला मिळालं असतं, आणि पहिल्या बिलाला सगळेच खूश असतात कारण नवलाई असते. आम्ही सहा आठवडे धरले, म्हणजे चार बिलं. इव्हान्गेलोस कारापानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेला अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे, त्यात 6 जणांना आयफोन घेण्याआधी एक आठवडा आणि घेतल्यावर चार आठवडे असं बघितलं होतं. आधी ओळख होते, मग वस्तू रोजच्या कामात बसते, मग ती 'माझी' वाटायला लागते. आणि ज्या गुणांमुळे सुरुवातीला आवडली ते गुण पुढे टिकून राहायला तेवढे महत्त्वाचे उरत नाहीत. हे मला प्रत्येक प्रोजेक्टला पटलंय.

आता लॉग (ॲप कधी, किती वेळा उघडलं याची आपोआप होणारी नोंद) आणि डायरी (युजरने स्वतः ठरावीक दिवसांनी पाठवलेल्या नोट) शेजारी ठेवून बघू, कारण बहुतेक टीम इथेच अडकते. लॉग स्वस्त, युजरला काही करावं लागत नाही, आकडे आपोआप येतात. आमच्या लॉगमध्ये तिसऱ्या आठवड्यात ॲप उघडण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे खुलले. त्याच आठवड्यात एका ताईंची व्हॉइस नोट आली, मागे म्हशीचा आवाज, बादली ठेवल्याचा आवाज, आणि त्या म्हणतायत, "मॅडम, पेंडीची कपात दोनदा दाखवतंय, सकाळपासून चारदा उघडून बघितलं, अजून तसंच आहे." म्हणजे वापर वाढला तो भरवसा उडाला म्हणून. लॉगला ही काळजी 'एंगेजमेंट', म्हणजे आवडीने केलेला वापर, दिसत होती. तेव्हापासून मी नुसत्या लॉगवर कुणी निर्णय घेतला की भांडते.

लॉगचा दुसरा प्रश्न आपल्याकडचा, घरात फोन एक आणि माणसं चार. लॉगिन वडिलांच्या नावाचं, उघडतो मुलगा, दूध घालायला जाते आई. कोणाचा अनुभव मोजताय ते आधी विचारून घ्या. आणि संमतीही नीट घ्या, त्यांच्या भाषेत, कारण 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट आहेच, पण तो नसता तरी माणसाला सांगायला हवं की तुमचं काय काय बघतोय.

डायरीची किंमत वेगळ्या जागी मोजावी लागते. आमचे 12 जण, आठवड्याला तीन नोट, सहा आठवडे, म्हणजे 216 नोट. एक नोट दीड मिनिटाची धरली तर नुसतं ऐकायलाच साडेपाच तासांच्या आसपास, आणि उतरवून घ्यायला त्याच्या कितीतरी पट. शिवाय दुसऱ्या आठवड्यापासून "छान आहे" सुरू होतं. ते टाळायचं असेल तर 'कसं वाटलं' विचारूच नका. 'शेवटचं कधी उघडलं, काय बघायला उघडलं, मिळालं का' एवढंच विचारा आणि स्लिपचा फोटो मागा. लिहायला लावू नका, व्हॉट्सॲपवर बोलू द्या, बोलताना माणूस मोकळा होतो. मोबदल्याचा रिचार्ज सगळा शेवटी देऊ नका, दर आठवड्याला थोडा थोडा द्या, मधेच सोडून जाणारे खूप कमी होतात.

एक्स्पीरियन्स सॅम्पलिंग म्हणजे दिवसात मधेच नोटिफिकेशन टाकून 'आत्ता काय करताय, कसं वाटतंय' विचारायचं. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत पेजरवर सुरू केली होती, आता फोन आहे. आठवणीची भेसळ यात सगळ्यात कमी, हे तिचं मोठेपण, आणि दिवसातून दहा-वीसदा वापरायची वस्तू असेल, मेसेजिंग किंवा कानातले हेडफोन, तर मी हीच घेईन. पण दूध दिवसातून दोनदाच घालतात, तिथे दुपारी दोनला पिंग पाठवून काय मिळणार? पाठवायचंच तर स्लिप निघाली की पाच मिनिटांनी पाठवा. आणि काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात बॅकग्राउंडमधली ॲप बंदच करून टाकतात, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणजे माणसाने टाळलं असं समजू नका, आधी नोटिफिकेशन पोचलं होतं का ते तपासा.

याच्या आणि डायरीच्या मधली एक पद्धत आहे, डे रिकन्स्ट्रक्शन. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांवर ती वापरली, कालचा दिवस सिनेमातल्या सीनसारखा तुकड्यातुकड्याने आठवायचा आणि प्रत्येक तुकड्यात काय वाटलं ते सांगायचं. फोनवरही करता येतं, मधेच कुणाला त्रास नाही. मला वाटतं आपल्याकडे ही फार कमी वापरली जाते आणि ते खरंच नुकसान आहे.

राहिली यूएक्स कर्व्ह. सारी कुयाला आणि सहकाऱ्यांची 2011 ची पद्धत, त्यांनी 20 मोबाईल वापरणाऱ्यांकडून पहिल्या दिवसापासून आजपर्यंतची रेघ काढून घेतली, वर गेली तर अनुभव सुधारला, खाली गेली तर बिघडला, आणि प्रत्येक वळणाला कारण. तासाभराच्या व्हिडिओ कॉलमध्ये काही महिन्यांची गोष्ट हातात येते, आधीपासून काही गोळा केलेलं नसलं तरी चालतं. आक्षेप एकच असतो, की लोकांना नीट आठवत नाही. बरोबर आहे. काहनेमन आणि रेडेलमायर यांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपीच्या रुग्णांवर दाखवलंच आहे की मागाहून सांगताना माणूस सगळ्यात जास्त दुखलेला क्षण आणि शेवटचा भाग यावरूनच मत देतो. पण शेजाऱ्याला "हे ॲप घे" किंवा "नको घेऊस" सांगताना माणूस लॉग उघडून बघत नाही, जे आठवतं तेच सांगतो. कुयाला यांच्या अभ्यासातही ज्यांची 'फोन किती आकर्षक वाटतो' याची रेघ चढती होती ते जास्त समाधानी होते आणि फोनची शिफारस करायलाही जास्त तयार होते. म्हणून मला आठवणीची रेघ तेवढीच महत्त्वाची वाटते.

गावाकडे करताना एक करा, कर्व्हच्या खाली वेळ दाखवणारी जी आडवी रेघ असते तिच्यावर तारखा लिहू नका. बेंदूर, गणपती, दिवाळी, म्हैस व्याली तो आठवडा, अशा खुणा त्यांनाच सांगू द्या, मग आठवणी भराभर येतात. कागद-पेनच वापरा, फोटो मागवा. त्या पेंडीवाल्या ताईंनी रेघ काढली तर कपात दुरुस्त झाल्यावरही ती वर गेलीच नाही, सपाट राहिली. लॉगमध्ये मात्र त्यांचा वापर अगदी नॉर्मल होता. त्या म्हणाल्या, "बघते मी ॲपवर, पण वहीत पण लिहिते."

सर्व्हे थोडक्यात. एसयूएसचे (सिस्टिम युझेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं वाटतं ते मोजणारी ठरलेली प्रश्नावली) 10 प्रश्न त्याच लोकांना दर महिन्याला विचारता येतात, पण 12 जणांच्या सरासरीवर उड्या मारू नका. शेकड्यांनी युजर असतील आणि मराठी भाषांतर आधी चार जणांसमोर वाचून बघितलं असेल तरच घ्या.

तर निवड. हातात दोनच आठवडे असतील तर जुने युजर गाठा आणि यूएक्स कर्व्ह करा, दुसरं काही नको. तीन महिने आणि दोन माणसं असतील तर लॉग चालू ठेवा, व्हॉइस डायरी सलग न करता पहिला आठवडा, मधली दोन बिलं आणि शेवटचं बिल एवढ्यापुरती घ्या, म्हणजे ऐकायचं काम निम्म्यावर येतं, आणि शेवटी सगळ्यांची कर्व्ह. माझ्या मते या पैशात याहून चांगलं काही होत नाही.

आणि मधेच सोडून गेलेल्यांना विसरू नका. डायरी, सर्व्हे, कर्व्ह सगळीकडे टिकलेलेच लोक बोलतात, गेलेले फक्त लॉगमध्ये दिसतात, एका तारखेनंतर काहीच नाही असे. त्यांची यादी काढा आणि फोन लावा, फक्त धारेच्या वेळेला नको, दुपारी जेवणं झाल्यावर.