फॉर्च्युनरला "नवीन" फ्रंट शाफ्ट टाकला म्हणून 43 हजार घेतले, निघाला माझाच जुना रंग मारलेला

साताऱ्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजमधला अनुभव आहे. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण ज्यांच्याकडे फोर बाय फोर गाडी आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण यात जे झालं ते गाडीच्या खाली झालं आणि गाडीच्या खाली आपण कोणी बघत नाही.

माझी गाडी 2011 ची फॉर्च्युनर, 3.0 डिझेल मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली, 1 लाख 80 हजारच्या वर चाललेली. ही जुनी फॉर्च्युनर फुल टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारा डबा) पुढच्या डिफरन्शियलला (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटणारा भाग) जाणारा जो प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे फिरणारा लोखंडी पाइप असतो तो रोज, साध्या डांबरी रस्त्यावर पण फिरतच असतो. बऱ्याच जणांना वाटतं की पुढचा शाफ्ट फक्त चिखलात कामाला येतो, ते पार्ट टाइमवाल्या गाडीचं झालं. माझ्या गाडीत तो कायम कामात, त्यामुळे त्याला ग्रीस वेळेवर लागतंच, आणि मी दोन सर्व्हिस ते करून घेतलं नव्हतं हे आधी सांगून टाकतो.

ऑगस्ट 2025 मध्ये गाडीला आवाज यायला लागला. सिग्नलवरून उचलताना खालून "खट्ट" असा एकच आवाज, आणि ब्रेक मारून थांबलो की पुन्हा एकदा. चालताना काही नाही. 27 तारखेला गणपती, मुलगी पुण्याहून येणार, तिला आणायला रात्री खंबाटकी घाट उतरून जायचं, म्हणून म्हटलं आधी दाखवून घेऊ. माझा नेहमीचा मिस्त्री गावाला गेला होता म्हणून एका ओळखीच्यांनी सांगितलेल्या या गॅरेजला गेलो. दिसायला एकदम चकाचक, दोन रॅम्प, ऑफिसला एसी, आत गेलं की चहा.

गाडी रॅम्पवर घेतली, मालक स्वतः खाली गेला, शाफ्ट हातात धरून दोन वेळा हलवला आणि म्हणाला साहेब तुमचा फ्रंट शाफ्ट संपलाय, हा घाटात तुटला तर खाली आपटून चेंबर फोडेल, फॅमिली घेऊन जाऊ नका. हे वाक्य ऐकलं की माणूस पुढचं काही विचारत नाही. मी पण विचारलं नाही. क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे फुलीसारखे सांधे) गेलेत का, स्लिप जॉइंट (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात तो सांधा) सुकलाय का, का खरंच पाइप वाकलाय, यातलं काहीच नाही. नवीन ओरिजिनल शाफ्ट 38,500, लेबर 4,500, एकूण 43 हजार. पक्कं बिल पाहिजे तर वर 28 टक्के जीएसटी म्हणजे जवळजवळ 11 हजार अजून, तुमचे वाचवतो म्हणाला. आणि मी तिथे होकार दिला. 20 हजार यूपीआयने ॲडव्हान्स दिले, बाकीचे कॅश द्यायचे ठरले.

दोन दिवसांनी सहज त्या बाजूला होतो म्हणून गॅरेजला डोकावलो तर माझी गाडी नुकतीच बाहेरून आत येत होती, एक पोरगा चालवत होता. डॅशबोर्डवर डिफ लॉकचा (पुढे-मागे ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल लॉक केल्याचा) दिवा पेटलेला, लिव्हर रोजच्या एच ऐवजी एचएल म्हणजे लॉकमध्ये. मी विचारलं हे लॉकमध्ये का चालवताय, तर तो पोरगा साधेपणाने बोलला, "पुढचा शाफ्ट काढलाय ना साहेब, लॉक टाकल्याशिवाय गाडी ओढत नाय." बरोबर आहे ते, मधला डिफरन्शियल मोकळा असला की सगळी ताकद त्या रिकाम्या बाजूलाच जाते, लॉक केला की मागच्या चाकांवर गाडी चालते. पण मालकाने लगेच त्याला हाक मारून आत घेतला आणि मला म्हणाला पार्ट पुण्याहून निघालाय, उद्या बसवतो. किलोमीटर बघितले तर मी सोडली त्यापेक्षा 140 जास्त. ट्रायल घेतली म्हणे. शाफ्ट काढलेल्या गाडीची 140 किलोमीटर कसली ट्रायल? तिथेच मला संशय यायला पाहिजे होता पण गणपती तोंडावर, मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "नवीन ओरिजिनल शाफ्ट बसवला, गाडी रेडी." सोबत फोटो, काळा चमकणारा शाफ्ट. हा मेसेज मी डिलीट केला नाही, ते एक नशीब. जुना शाफ्ट मागितला तर म्हणाले भंगारवाला आला होता, घेऊन गेला. नवीनचा बॉक्स मागितला तर तो पण कचऱ्यात गेला. मी 23 हजार कॅश देऊन साध्या पॅडच्या कागदावरची पावती घेऊन घरी आलो.

खट्ट आवाज कमी झालेला पण गेला नव्हता, आणि वर नवीनच दुखणं सुरू. 80 च्या पुढे गेलं की खालचा पत्रा थरथरायचा, गिअर लिव्हर हातात झणझणायचा, 100 ला तर मागे बसलेल्या आईने विचारलं गाडीला काय झालंय. परत गेलो तर म्हणाले व्हील बॅलन्सिंग करा. केलं, 1,200 गेले, फरक शून्य. पुन्हा गेलो तर म्हणाले नवीन शाफ्ट सेट व्हायला 500 किलोमीटर लागतात. हे साफ खोटं आहे. शाफ्ट म्हणजे काही नवीन चप्पल नाही, तो बॅलन्स केलेला असतो आणि नीट बसवला की पहिल्या किलोमीटरपासून शांत चालला पाहिजे. त्या महिन्यातच पार्किंगमध्ये खाली तेलाचे थेंब दिसायला लागले, ट्रान्सफर केसच्या पुढच्या सीलमधून.

शेवटी कराडला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, वय सत्तरच्या आसपास, पिटमध्ये स्वतः उतरतात. पाच मिनिटं खाली होते. वर येऊन पहिलं वाक्य, "पाव्हणं, ह्यो नवा शाफ्ट हाय म्हनून कुनी सांगितलं तुमास्नी?" मग मला खाली बोलावलं. फडक्याला थिनर लावून पाइपवरचा काळा रंग पुसला, खाली गंज, आणि गंजाच्या मधोमध एक लांब तिरका चरा. तो चरा बघून माझ्या पोटात खड्डाच पडला, कारण तो मी ओळखत होतो. आदल्या पावसाळ्यात बामणोलीच्या रस्त्याला दगड घासून पडला होता, आणि नंतर अँटी रस्ट कोटिंग करताना मी खालचे फोटो काढले होते. मोबाईलमध्ये शोधले, तारखेसकट होते. तोच चरा, तोच कोन, त्याच्याच शेजारी बॅलन्सिंगची वेल्ड केलेली पट्टी. माझाच शाफ्ट, मला 38,500 ला विकलेला.

मिस्त्रींनी पुढचं पण दाखवलं. एका बाजूचा क्रॉस बदललेला होता पण लोकल, दुसऱ्या बाजूचा जुनाच, कोरडा, हातात धरून फिरवला की खेळ (ढिलेपणा) कळत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाफ्टचे दोन भाग जे स्प्लाइनवर (लांब दातांच्या खाचांवर) एकमेकांत सरकतात ते खोलून परत घालताना कंपनीच्या खुणा जुळवल्याच नव्हत्या, चुकीच्या दातावर बसवलेला. व्हायब्रेशन त्याचं, आणि ते हादरे खाऊन खाऊन सील गेलं. म्हणजे मुळात गाडीला काय लागत होतं? दोन क्रॉस आणि स्लिप जॉइंटला ग्रीस. माझ्या शाफ्टला तीन निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत, दोन क्रॉसला एकेक आणि एक सरकत्या भागाला, त्या तिसऱ्यातून ग्रीस गेलं नाही की उचलताना आणि थांबताना खट्ट करतंच. कराडला दोन चांगले क्रॉस, सील, ग्रीस, मजुरी आणि पुण्याला पाठवून शाफ्टचं बॅलन्सिंग, सगळं मिळून 9,400 झाले. गाडी आज 110 ला पण शांत आहे.

तुम्हाला कोणी शाफ्ट गेला सांगितलं तर गाडी सपाट जागेवर घ्या, चाकाला लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद, न्यूट्रल, आणि मिस्त्रीला तुमच्यासमोर शाफ्ट पिळायला सांगा, नक्की कुठे खेळ आहे ते बोट ठेवून दाखवू दे. क्रॉसमध्ये असेल तर क्रॉस बदलतो, पूर्ण शाफ्ट नाही. स्प्लाइनमध्ये असेल तर आधी ग्रीस करून बघू म्हणा. स्प्लाइनच झिजली असेल किंवा पाइप वाकला असेल तर मात्र शाफ्टचा खर्च आहे, त्याला इलाज नाही. काम द्यायच्या आधी खाली वाकून फोटो काढा आणि जमलं तर पाइपवर पेंट मार्करने लपवून कुठेतरी सही करा. जुना पार्ट मला पाहिजे हे काम सुरू व्हायच्या आधी, लेखी किंवा व्हॉट्सॲपवर सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. बॉक्स आणि त्यावरचं पार्ट नंबरचं लेबल तुमच्यासमोर फोडू दे. आणि जीएसटी वाचवायच्या नादात पक्कं बिल सोडू नका, मी सोडलं म्हणून आज मला प्रत्येक गोष्ट दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावी लागतेय. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्ट्सवरचा जीएसटी 18 टक्के झालाय, तरी ते लोक हीच लालूच दाखवणार.

मी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. गॅरेजवाल्याने त्यांना कळवलं की "सेकंड हँड शाफ्ट ग्राहकाच्या संमतीने बसवला". संमती? मेसेजमध्ये स्वतःच्या हाताने नवीन ओरिजिनल लिहिलंय. आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, ऑनलाइन ई-जागृतीवर होते. यूपीआयची एंट्री, तो मेसेज, बामणोलीचे फोटो आणि कराडच्या मिस्त्रींचं सही केलेलं लेखी, एवढं माझ्याकडे आहे. मिस्त्रींनी काम करताना अर्ध्या पाइपवरचा तो काळा रंग मुद्दाम तसाच ठेवलाय, म्हणाले आयोगात दाखवायला लागंल, पुसू नगा.