क्लोझ घ्यावी की मुलाखत?

भाषेच्या वर्गात नव्याने आलेल्यांना कोणत्या पातळीवर बसवायचं, हा तुमच्यापुढचा प्रश्न असेल, तर साधारण दोन मार्ग दिसतात. एक क्लोझ चाचणी, म्हणजे शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’चं थोरलं भावंड: सलग उतारा घ्यायचा आणि ठरावीक अंतराने त्यातले शब्द उडवायचे. दुसरी तोंडी मुलाखत.

क्लोझ स्वस्त आणि झटपट. अख्खा वर्ग एकाच वेळी बसतो, तपासणीही पटकन उरकते. गंमत म्हणजे विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मांडली ती मजकूर किती सुबोध आहे हे मोजायला, वाचणाऱ्याला मोजायला नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. मानसशास्त्रज्ञ हर्मन विटकिन यांच्या चाचणीत गुंतागुंतीच्या आकृतीत दडलेला साधा आकार शोधायचा असतो. तो चटकन वेगळा काढणारे ‘क्षेत्र-स्वतंत्र’, भोवतालासकट सगळं एकसंध पाहणारे ‘क्षेत्र-अवलंबी’. क्लोझमध्येही थोडं तेच करावं लागतं: वाक्य सोडवायचं, रिकाम्या जागेचं व्याकरण हेरायचं, मग पुन्हा उताऱ्यात शिरायचं. अमेरिकेत स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात स्टॅन्सफील्ड आणि हॅन्सन यांना १९८३ मध्ये क्षेत्र-स्वतंत्र असणं आणि क्लोझचे गुण या दोहोंत संबंध आढळला. फार मोठा नाही, पण आहे. म्हणजे दोघांची भाषा सारखीच असली तरी कोडी आवडणारा दोन गुण जास्त नेऊ शकतो.

मात्र या फरकाला विचार करण्याची ‘शैली’ म्हणतात म्हणून लगेच भुलू नका. ग्रिफिथ्स आणि शीन यांनी १९९२ मध्ये या कल्पनेवर कडक टीका केली. आकार शोधण्याच्या चाचणीत उत्तर बरोबर की चूक एवढंच पाहतात, तेही घड्याळ लावून. मग मोजली जाते ती क्षमता; तिला शैली का म्हणायचं? मला हा आक्षेप पटतो.

मुलाखतीत हे कोडं नसतं, पण समोर माणूस असतो. क्षेत्र-अवलंबी लोक चेहऱ्यांकडे, माणसांकडे जास्त लक्ष देतात म्हणून बोलण्यात सरस ठरतील, ही अपेक्षा ऐकायला छान. पुरावा मात्र पातळ. त्यापेक्षा परीक्षक कोण याचं वजन जास्त पडतं. ॲनी ब्राउन यांनी २००३ मध्ये दाखवलं, की एकाच परीक्षार्थीची दोन वेगळ्या मुलाखतकारांशी गाठ पडली तर त्याच्या बोलण्याबद्दलचं मत बदलतं. एक जण धागा पुढे नेतो, दुसरा प्रश्न विचारून गप्प बसतो.

वाचन-लेखनाचा वर्ग असेल तर मी क्लोझ घेईन, पण शब्द आंधळेपणाने मोजून न उडवता अर्थ पाहून निवडेन आणि वेळ सैल ठेवेन. संभाषणाचा वर्ग असेल तर मुलाखतच, प्रश्न आधी ठरवून आणि दोन परीक्षक बसवून. माणसं कमी असतील तर सगळ्यांना क्लोझ द्या आणि काठावरच्यांनाच बोलवा. विद्यार्थ्यांची शैली मोजणारी वेगळी चाचणी मात्र घेत बसू नका. त्या वेळात चारपाच जणांशी बोलून होईल.