पाच लिटरचा कुकर, तीन डबे: दीड वर्ष वापरल्यावर

आमच्या घरी पैसा आला की आधी दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, पाकिटात, मग किराणा. म्हणून परतवाड्याच्या बाजारातून हा कुकर घ्यायला चार महिने पैसे जमवले. १,३५० रुपये पडले.

रविवारी दहाची उपासना. भिजवलेली तुरीची डाळ खाली, मधात भात, वर आलू. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, अन् मी मुलींच्या वेण्या घालायला मोकळी. चर्चमधून आलं की वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. १४.२ किलोचं सिलिंडर आधी ३५ दिवस जायचं, आता ४५. तेवढ्यात मुलींच्या वह्या येतात.

रबर मात्र आठ महिन्यांतच सैल झालं, बाजूनं वाफ निघायची. नवं ८० रुपयांना मिळालं. घेतानाच एक जास्तीचं घ्या.