टेलस्टॉक मागे घ्यायला सांगा: लेथचा चक विकत घेताना झालेली फसवणूक

लाकूड कातण्याच्या लेथवर टेलस्टॉक, म्हणजे लाकडाला दुसऱ्या टोकाकडून आधार देणारा सरकता भाग, पुढे आणून ठोकळा दोन्ही टोकांनी धरलेला असेल, तर लाकूड पकडणारा चक आतून सदोष असला तरी तो चांगल्या चकासारखाच फिरतो. ही एक गोष्ट मला गेल्या वर्षी ठाऊक असती, तर माझे अठरा हजार रुपये वाचले असते आणि डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर घालून बसावे लागले नसते. ज्याने मला तो चक विकला त्याला मात्र ही गोष्ट पुरती ठाऊक होती आणि तिच्याच आधारावर त्याने ही विक्री केली, असे मी आज खात्रीने म्हणतो.

मी वेंगुर्ले तालुक्यात राहतो आणि घरामागच्या मांगरात कातकाम करतो. पोळपाट सोडला तर माझे बहुतेक काम लांबट असते: लाटणी, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब. असे काम दोन टोकांच्या मध्ये धरून होते. एका बाजूला हेडस्टॉकचे, म्हणजे यंत्राच्या फिरत्या बाजूचे, दाते, दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकचे टोक, आणि मध्ये लाकूड. ते सुटून बाहेर येण्याची भीती फारशी नसते. परंतु गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांतून फणसाच्या लाकडाच्या वाडग्यांना मागणी येऊ लागली. फणसाचा तो पिवळा रंग हळूहळू तपकिरीकडे झुकत जातो आणि पाहुण्यांना तो फार आवडतो. वाडग्याचे पोट कोरायचे असेल तर टेलस्टॉक बाजूला घ्यावाच लागतो, कारण ज्या जागी त्याचे टोक टेकते तीच जागा कोरायची असते. मग ठोकळा धरून ठेवण्याची सगळी जबाबदारी एका बाजूच्या चकावर येते.

ज्यांनी चक जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चकाच्या तोंडावर चार जबडे असतात. चावी फिरवली की आतली चकरी फिरते आणि तिच्यावरच्या चकलीसारख्या सर्पिल खाचेमुळे चारही जबडे एकाच वेळी, सारख्या अंतराने आत येतात. ठोकळ्याच्या तळाशी एक गोल उंचवटा कातून ठेवतात. सुतारकामातला शब्द वापरून आम्ही त्याला कुसू म्हणतो. जबडे हे कुसू धरतात आणि ठोकळ्याचा खांदा जबड्यांच्या कडेवर टेकतो. कुसू जबड्यांच्या तळाला लागता कामा नये. ते लागले तर खांदा अधांतरी राहतो आणि पकड ढिली होते. जबडे जवळजवळ मिटलेले असताना त्यांचे पूर्ण वर्तुळ बनते आणि पकड सर्वांत चांगली बसते. ते फार उघडले तर लाकडाला केवळ त्यांचे कोपरे टोचतात. हे सगळे मी वाचून आणि इतरांना विचारून शिकलो होतो, आणि म्हणूनच आपल्याला कोणी फसवणार नाही अशी माझी समजूत झाली होती.

घाटावरच्या एका शहरात जुनी यंत्रे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे परदेशी बनावटीचा वापरलेला लेथ असल्याचे कळले. मी पुतण्याला घेऊन गेलो. लेथ खरोखरच चांगला होता आणि आजही तो माझ्याकडे उत्तम चालतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याच्यासोबतचा चक याच यंत्रासाठी कंपनीने दिलेला आहे, असे सांगून त्याने त्याचे वेगळे अठरा हजार लावले. मग प्रात्यक्षिक झाले. त्याने चकात आंब्याचा एक लांबट तुकडा धरला, टेलस्टॉक पुढे आणून घट्ट आवळला आणि गोल पटाशीने पाच मिनिटांत त्याची एक सुबक मूठ कातून माझ्या हातात दिली. कुठे थरथर नाही, कुठे आवाज नाही. मूठ अजून माझ्याकडे आहे. त्या पाच मिनिटांत त्याने टेलस्टॉक एकदाही मागे घेतला नाही आणि मलाही ते सुचले नाही.

चकाच्या मागे, स्पिंडलच्या (ज्या फिरत्या दांड्याच्या आट्यांवर चक चढतो त्याच्या) खांद्याला लागून, सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची एक काळी लोखंडी कॉलर होती. रंग चकाचाच होता, त्यामुळे ती चकाची मानच वाटत होती. पुतण्याने तिच्याबद्दल विचारले. व्यापारी म्हणाला, “दादा, बेअरिंगला धक्का बसू नये म्हणून कंपनीनेच दिली आहे. ती कधी काढायची नाही.” मी मान डोलावली. त्याने हाती दिलेल्या कागदावर फक्त यंत्राचे नाव, रक्कम आणि खाली बारीक अक्षरात ‘जुना माल, आहे त्या स्थितीत’ असे लिहिले होते. पक्के बिल नंतर पाठवतो म्हणाला. ते कधीच आले नाही.

पहिले दोन आठवडे मी वाडग्यांच्या फक्त बाहेरच्या बाजू कातत होतो, टेलस्टॉक लावूनच. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा पोट कोरायला घेतले. ठोकळा १८० मिलिमीटर व्यासाचा, सुमारे दीड किलोचा होता. कुसू ६५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे ठोकळ्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक ठेवले होते, आणि इतके पुरेसे मानले जाते. वेग मिनिटाला ९०० फेऱ्यांचा होता. इंचांतला व्यास आणि मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवावा, असा कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे, आणि या सात इंची ठोकळ्यासाठी मी त्याच्या खालच्या टोकाला होतो. तरीही त्या वेगाने ठोकळ्याची कडा ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरत असते. पटाशी काठापासून आत जाऊ लागताच ठोकळ्याने एकदा मान झटकल्यासारखे केले. मी पटाशी मागे घेईपर्यंत तो चकातून सुटला, टूलरेस्टवर, म्हणजे पटाशी टेकवायच्या पट्टीवर, आपटून उसळला, माझ्या मनगटावर बसला आणि समोरच्या चिऱ्याच्या भिंतीवर फुटून त्याचे दोन तुकडे झाले. पुतण्या दारात उभा होता आणि एक तुकडा त्याच्या पायापासून हातभर अंतरावर पडला. माझ्या तोंडावर पारदर्शक ढाल होती. ती नसती तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही करू शकत नाही.

दवाखान्यातून आल्यावर व्यापाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “दादा, चक चुकत नाही, माणूस चुकतो. तुमचं लाकूड ओलं असणार.” मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आला, कारण त्यात अर्धे सत्य होते. ओल्या लाकडाचे कुसू जबड्यांखाली दबते आणि सुकताना आकसते, त्यामुळे पकड ढिली होते आणि मधून मधून चक पुन्हा आवळावा लागतो. आमच्या पावसाळी हवेत तर लाकूड लवकर सुकतच नाही. पण माझा ठोकळा दोन वर्षे टोकांना मेण लावून माळ्यावर ठेवलेला होता. तरी चार दिवस मी स्वतःलाच दोष देत राहिलो. फसवणारा माणूस आपल्या अर्धवट ज्ञानाचा असा उपयोग करतो.

उलगडा केला तो सावंतवाडीच्या अण्णांनी. त्यांची सगळी हयात चितारआळीत लाकडी खेळणी कातण्यात गेली. ते पांगाऱ्याच्या तुकड्याचे टोक लेथच्या पोकळ वाटीत ठोकून बसवतात. चार जबड्यांचा चक त्यांनी कधी वापरला नाही. म्हणूनच बहुधा त्यांनी चकाकडे पाहिलेच नाही, आधी फुटलेल्या ठोकळ्याचे कुसू हातात घेतले. खिडकीजवळ जाऊन त्यांनी ते बोटाने फिरवत पाहिले आणि म्हणाले, “ह्यां बघ. तीनच वण आसत. चौथो खंय गेलो?”

खरोखरच कुसवावर तीन जबड्यांचे खोल चंद्रकोरी वण होते आणि चौथ्या जागी लाकूड जवळजवळ कोरे होते. आम्ही जबडे काढून पाहिले. प्रत्येक जबड्यावर १ ते ४ असा क्रमांक ठोकलेला असतो आणि ते त्याच क्रमाने बसवावे लागतात, कारण त्यांच्या पोटातले दाते चकरीच्या सर्पिल खाचेत बरोबर बसावेत म्हणून एकापेक्षा एक पाव टप्प्याने सरकवलेले असतात. आमच्या चकातल्या १, २ आणि ४ या आकड्यांचा ठसा एकसारखा होता. ३ चा आकडा मोठा होता, थोडा तिरका होता, आणि त्याच्याखाली कानसीने घासून काढलेल्या जुन्या आकड्याची कडा बोटाला लागत होती. दुसऱ्या कुठल्या तरी चकाचा जबडा आणून त्यावर नवा क्रमांक ठोकलेला होता. तो बाकीच्यांपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर मागे राहत होता. टेलस्टॉकने ठोकळा दाबून धरला की हे लपते, कारण मग जबड्यांना लाकूड फक्त फिरवायचे असते, पेलायचे नसते.

त्यानंतर ती ‘कधी काढायची नाही’ म्हणून सांगितलेली कॉलर काढली. कॉलर निघताच चक स्पिंडलवर डुलू लागला. व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजले तेव्हा स्पिंडलचा व्यास सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, आणि इंचाला ८ आटे भरले. चकाच्या भोकातले आटे मात्र ३३ मिलिमीटरच्या मेट्रिक मापाचे होते, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर ३.५ मिलिमीटर. सव्वा इंचाच्या स्पिंडलवर हे अंतर ३.१७५ मिलिमीटर येते. प्रत्येक फेरीला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरचा फरक पडत जातो, त्यामुळे चक सैलसर असूनही दोन फेऱ्या आत जातो आणि तिथे अडकतो. अडकला की हाताला तो घट्ट बसल्यासारखा वाटतो. पण त्याची पाठ स्पिंडलच्या खांद्याला टेकलेलीच नसते, आणि चक सरळ राहतो तो त्या खांद्यामुळे. मधली मोकळी जागा झाकण्यासाठी नेमक्या मापाची कॉलर कातून, रंगवून, तिच्याबद्दलचे खोटे कारणही तयार ठेवले होते. ज्याला एवढे अचूक काम येते, त्याला आपण काय करतो आहोत हे कळत नव्हते, असे मला कोणी सांगू नये.

मी नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. उत्तर आले की माल जुना होता आणि कागदावर तसे लिहिले होते. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माहिती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली; ती अजून चालू आहे. यातले काही मुद्दे आमच्यासारख्या कारागिरांना ठाऊक नसतात, म्हणून लिहितो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही असे अनेक जण सांगतात, परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो कारागीर ग्राहकच ठरतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, घाट चढून जावे लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. माझी बाजू लंगडी पडते ती फक्त एका जागी: आट्यांचे माप मी कागदावर लिहून घेतले नाही.

तेव्हा जुना चक पाहायला जाताना व्हर्निअर आणि आपल्या घरचा एक कातलेला, कुसू असलेला ठोकळा सोबत न्यावा. यंत्र बंद असताना चक स्पिंडलवरून पूर्ण काढायला सांगावे. मध्ये वॉशर किंवा कॉलर असेल तर तीही काढावी आणि चक पुन्हा हाताने चढवावा. तो शेवटपर्यंत सहज फिरत जाऊन खांद्याला टेकला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांतच अडकला तर तो त्या यंत्राचा नाही. टेकल्यावर मागून टॉर्च धरून फटीतून उजेड येतो का ते पाहावे. जबड्यांवरचे चारही आकडे एकाच ठशाचे आहेत का ते भिंगाने पाहायला लाजू नये. मग आपला ठोकळा चकात आवळून काढावा आणि कुसवावर चार सारखे वण उमटले का ते मोजावे. या एका गोष्टीला दोन मिनिटे लागतात आणि तिथे कुणाचे बोलणे चालत नाही. शेवटी टेलस्टॉक मागे घ्यायला लावून, स्वतः ठोकळ्याच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून, सर्वांत कमी वेगावर यंत्र सुरू करायला सांगावे. विक्रेता टेलस्टॉक मागे घ्यायला का-कू करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पक्क्या बिलावर आट्यांचे माप लिहून घ्यावे.

मी सध्या मोठे वाडगे फेसप्लेटवर धरतो. लोखंडी ताटलीसारखी ती चकती स्पिंडलच्या आट्यांवर थेट बसते आणि ठोकळ्याला लाकडासाठीच्या सहा जाड स्क्रूंनी बांधली जाते. जिप्समच्या पत्र्यांसाठी मिळणारे काळे बारीक स्क्रू इथे चालत नाहीत, ते ठिसूळ असतात आणि धक्क्याने तुटतात. तसेच लाकडाच्या उभ्या टोकात, रेषांच्या दिशेने स्क्रू मारले तर धरत नाहीत. तळाचा थोडा भाग वाया जातो, स्क्रूची भोके नंतर कातून टाकावी लागतात, काम हळू होते. पण पुतण्या दारात उभा असताना मी यंत्र सुरू करू शकतो.

तो चक, ती काळी कॉलर आणि तीन वणांचे ते कुसू एका पिशवीत बांधून, तारीख लिहून, आयोगापुढे दाखवण्यासाठी ठेवले आहे. त्या व्यापाऱ्याकडे आणखीही यंत्रे होती आणि ती कोकणातच खपतात असे तो स्वतः सांगत होता. आपल्या लेथवरही चकामागे अशी रंगवलेली कॉलर असेल, तर पुढचा वाडगा लावण्याआधी ती काढून पाहा.